आतड्यातला जिवाणू आणि यकृताचा दाह

आतड्यांतून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल शिरेतून ते आधी यकृतात येते. यकृताला मिळणाऱ्या रक्ताचा सुमारे पाऊण हिस्सा याच वाटेने येतो. त्यामुळे आतड्यातून जे काही रक्तात शिरेल, त्याची पहिली गाठ यकृताशी पडते. आतड्याचे अस्तर शाबूत असते तोवर तिथले जिवाणू आतच राहतात. ते सैल पडले, की जिवाणूंचे तुकडे, त्यांची विषे, कधी जिवंत जिवाणूही यकृतापर्यंत पोहोचतात. यकृतातल्या कुप्फर पेशी त्यांना ओळखतात आणि दाह सुरू होतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेतले प्राध्यापक बर्न्ड श्नाब्ल यांचे संशोधन याच वाटेवर चालते. दारूने यकृत बिघडते हे सर्वांना ठाऊक आहे. पण सारखीच दारू पिणाऱ्या दोघांपैकी एकाचेच यकृत का निकामी होते, याचे उत्तर केवळ दारूच्या मापात सापडत नाही. जिवाणूंना अस्तरापासून दूर ठेवणारी काही प्रथिने आतड्याच्या पेशी स्वतः तयार करतात. दारूमुळे ती कमी होतात. ही प्रथिने नसलेल्या उंदरांचे यकृत दारूने अधिक बिघडते, हे श्नाब्ल यांच्या गटाने 2016 मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी आतड्यातल्या बुरशीचाही या आजाराला हातभार लागतो, असे त्यांना आढळले.

सर्वांत मोलाचे काम 2019 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. विषय होता मद्यजन्य यकृतदाह. या आजारात कावीळ होते, पोटात पाणी साठते, आणि तीव्र रुग्णांत मृत्यूचे प्रमाण फार मोठे असते. स्टिरॉइड सर्वांना देता येत नाहीत, आणि यकृताचे प्रत्यारोपण मोजक्यांनाच मिळते. अशा रुग्णांच्या विष्ठेत एन्टरोकॉकस फीकॅलिस हा जिवाणू निरोगी माणसांच्या तुलनेत सुमारे 2,700 पट आढळला. हा जिवाणू एरवी निरुपद्रवी राहून बहुतेकांच्या आतड्यात वस्तीला असतो. त्याची संख्या मात्र रुग्ण किती गंभीर आहे हे सांगत नव्हती. ते सांगत होते सायटोलायसिन हे त्याच्या काही वाणांनी तयार केलेले, पेशी फोडणारे विष. ज्यांच्या विष्ठेत या विषाची जनुके सापडली, त्यांपैकी 89 टक्के रुग्ण रुग्णालयात दाखल झाल्यापासून 180 दिवसांत दगावले. ज्यांच्यात ती नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण 4 टक्क्यांहूनही कमी होते. इतकी मोठी तफावत या आजारात क्वचितच दिसते.

मग हा जिवाणू मारायचा कसा? साधी प्रतिजैविके उपयोगी जिवाणूंचाही नाश करतात, आणि त्यांना दाद न देणारे वाण वाढत जातात. संशोधकांनी जिवाणुभक्षी विषाणूंचा म्हणजे फाजचा आधार घेतला. फाज ठरावीक जिवाणूलाच लागण करतो आणि त्याला फोडून बाहेर पडतो. माणसाच्या पेशींना तो शिवत नाही. फेलिक्स द’एरेल यांनी 1917 मध्ये फाजचे वर्णन केले आणि पुढच्या दशकात भारतात पटकीवर ते वापरून पाहिले. प्रतिजैविके आल्यावर पाश्चात्त्य वैद्यकाने हा उपचार बाजूला टाकला होता. श्नाब्ल यांच्या गटाने सांडपाण्यातून योग्य फाज वेगळे केले. रुग्णांच्या विष्ठेतले जिवाणू आतड्यात सोडलेल्या उंदरांना दारू आणि हे फाज दिले, तेव्हा यकृतातले सायटोलायसिन घटले आणि इजाही कमी झाली. दुसऱ्याच एका जिवाणूवर चालणारे फाज दिले, तर असा फायदा झाला नाही. म्हणजे गुण आला तो नेमका तो जिवाणू हटल्यामुळे.

हे निष्कर्ष उंदरांवरचे आहेत. माणसात हा उपचार करायचा, तर आधी रुग्णाच्या आतड्यात विष बनवणारा वाण आहे का हे तपासावे लागेल, आणि त्या वाणाला लागू पडणारा फाज शोधावा लागेल. सर्वच रुग्णांत सायटोलायसिन सापडत नाही. त्यांच्यासाठी वेगळा उपाय हवा. दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हर अँड बिलियरी सायन्सेसमध्ये संपूर्ण जिवाणूसमूहच बदलण्याचा प्रयत्न झाला. स्टिरॉइड देता येत नव्हते अशा 8 रुग्णांना आठवडाभर नाकातून घातलेल्या नळीवाटे निरोगी दात्याच्या विष्ठेतले जिवाणू दिले गेले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी 7 जण वर्षानंतर जिवंत होते. नेहमीचे उपचार घेतलेल्या पूर्वीच्या रुग्णांपैकी एक तृतीयांशच वाचले होते.