दैनंदिन मराठी लेखनासाठी लवचिक निब

पेशवे दफ्तरातील एखादे मोडी पत्र न्याहाळले, तर असे दिसते की कारकुनाने प्रथम पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढून घेतली आहे आणि मग तिच्याखाली, बोरू शक्यतो न उचलता, अक्षरांची साखळी गुंफीत नेली आहे. आणि त्या अक्षरांतील स्थूल-सूक्ष्म रेषांचे सौंदर्य हाताच्या दाबातून नव्हे, तर बोरूच्या टोकाला दिलेल्या तिरप्या कापातून उत्पन्न झाले आहे. लवचिक निब घेऊ इच्छिणाऱ्याने ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी, कारण त्या निबेचा धर्म याहून अगदी भिन्न आहे.

निबेच्या मधल्या चिरेच्या दोन बाजूंची पाती दाबाने फाकतात आणि फाकतील तितकी रेषा रुंदावते. इंग्रजीचे कॉपरप्लेट वळण यावरच उभे आहे: उतरताना दाब, चढताना सैल हात. देवनागरीचा काना वरून खाली येतो, म्हणून तो ठसठशीत उमटतो. शिरोरेघ मात्र आडवी जाते आणि पातीही आडवीच फाकतात, त्यामुळे कितीही दाबले तरी ती कृशच राहते. रफार काढताना तर हात वर चढतो. त्या क्षणी पाती मिटलेली नसतील, तर त्यांची अणकुचीदार टोके कागदाच्या तंतूंत रुततात आणि शाईचे शिंतोडे उडतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, नित्याच्या लेखनासाठी निब किती फाकते यापेक्षा ती किती त्वरेने मिटते, हे पाहावे. दुकानात आपल्या नेहमीच्या गतीने ‘कीर्ती’ हा शब्द लिहावा: कान्याचा ठसा संपून रफार सुरू होताच रेषा बारीक झाली, तर निब कामाची. जाड रेषेच्या पोटात पांढरी पट्टी राहून दोन समांतर रेघा उमटल्या, तर निबेखालची जीभ शाई पुरवण्यास असमर्थ आहे असे समजावे. एबोनाइटची जीभ शाई चांगली धरते, म्हणून अशा निबेला तीच अधिक मानवते. सोन्याच्या मोहात मात्र पडू नये. चौदा कॅरटची, म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोने असलेली निबदेखील जाड पत्र्याची असेल तर ताठच राहते. लवचिकपणा धातूइतकाच पत्र्याची जाडी आणि घडण यांवर अवलंबून असतो.

आमच्या ट्रॉम्ब्यात आणखी एक विचार करावा लागतो. पूर्वेला ठाण्याची खाडी आणि वर्षाकाळाचे चार महिने दमट हवा; कपाटातला कागदसुद्धा ओल धरतो आणि शाई तंतूंतून पसरते. रुंद रेषेत शाई अधिक पडत असल्याने अशा कागदावर ‘ध’ आणि ‘घ’ यांची पोकळी बुजून अक्षर ओळखणे दुरापास्त होते. आणि नोंदवहीच्या अरुंद रकान्यांत आकडे भरणाऱ्यास तर ही आपत्ती मुळीच परवडणार नाही. तेव्हा मूळ टोक बारीक असलेली, थोडीशीच नमणारी निब घ्यावी. 1931 साली मुंबईत दांडेकरांनी सुरू केलेल्या उद्योगातून पुढे ‘कॅमल’ शाई घरोघरी पोहोचली. तिच्यासारखी साधी, सहज धुतली जाणारी शाई या निबेला पुरेशी आहे.

निब पारखावयास जाताना दुकानातला गुळगुळीत कागद न वापरता आपल्या रोजच्या वहीचे एक पान अवश्य सोबत न्यावे, आणि शक्य असेल तर खरेदी पावसाळ्यातच करावी.