विश्लेषण : महागड्या कॅमेऱ्याने छायालेखक घडतो का?

सिनेमासारखे चित्रण करणारा कॅमेरा आता मोबाइलमध्येच येतो. तरीही छायालेखन शिकू पाहणारे अनेक विद्यार्थी पहिल्या लघुपटाआधीच हप्त्यांवर मोठा कॅमेरा घेतात. चित्रण मोठ्या पडद्यावर लावले, की चेहरे सपाट दिसतात, नाकाच्या दोन-दोन सावल्या पडलेल्या असतात आणि ट्यूबलाइटखालचे दृश्य लुकलुकत असते. यातला एकही दोष कॅमेरा बदलून जात नाही. कमी पडतो तो प्रकाशाचा अभ्यास.

ट्यूबलाइटखाली चित्र का लुकलुकते?

भारतात घरगुती वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे साध्या चोकवरची ट्यूब किंवा स्वस्त एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त उजळतो. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो आणि प्रत्येक चौकटीला १/४८ सेकंद प्रकाश देण्याचा प्रघात आहे. इथे तो वेळ १/५० सेकंद ठेवला, की प्रत्येक चौकटीत दिव्याचे नेमके दोन ठोके मावतात आणि लुकलुक थांबते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिथल्या यूट्यूब धड्यातून उचललेला १/६० हा आकडा पुण्यातल्या खोलीत फसतो, तो यामुळेच.

एका दिव्यावर काय शिकता येते?

जवळजवळ सगळेच. खुर्चीवर एखादा मित्र, मागे भिंत आणि हलवता येईल असा एक दिवा एवढे पुरते. अट एकच, कॅमेऱ्यातले सगळे ‘ऑटो’ बंद हवे. नाहीतर विद्यार्थी दिवा मंद करतो, कॅमेरा चित्र पुन्हा उजळवतो आणि काय बदलले ते कळतच नाही.

आधी अंतर. दिवा एक मीटरवरून दोन मीटरवर नेला, तर चेहऱ्यावरचा प्रकाश निम्मा नव्हे, एक चतुर्थांश उरतो. छायालेखकाच्या भाषेत हे दोन स्टॉप. लेन्स एफ ४ वर असेल तर ती एफ २ पर्यंत उघडावी लागते. यातली खरी गंमत भिंतीवर दिसते. चेहरा दिव्यापासून एक मीटरवर आणि भिंत तीन मीटरवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या एक नवमांश प्रकाश मिळतो आणि ती अंधारात जाते. तोच दिवा आणखी तीन मीटर मागे घेतला, की भिंतीला चेहऱ्याच्या जवळपास निम्मा प्रकाश पोहोचतो. दिवा तोच, खोली तीच, पण रात्रीचा प्रसंग दुपारचा वाटू लागतो.

मग दिव्याचा आकार. उघड्या बल्बची सावली धारदार पडते. तोच बल्ब थर्माकोलच्या पांढऱ्या तक्त्यावर मारला, की तक्ताच दिवा होतो आणि सावलीची कड विरघळते. सूर्य प्रचंड असूनही सावली कडक पडते, कारण इतक्या दुरून तो छोटासाच दिसतो. आभाळ भरून आले, की सारे आकाशच दिवा होते.

मोठ्या छायालेखकांकडे साधने होती का?

‘पथेर पांचाली’चे (१९५५) छायालेखक सुब्रतो मित्रा यांनी त्यापूर्वी चलत्‌चित्रणाचा कॅमेरा चालवलाच नव्हता. जाँ रेन्वार यांच्या ‘द रिव्हर’चे बंगालमधले चित्रीकरण मात्र त्यांनी बारकाईने पाहिले होते आणि दिवे-कॅमेऱ्याच्या जागांच्या नोंदी, आकृत्या काढल्या होत्या. पुढे ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभारण्यात आला. खऱ्या चौकात आकाशाचा उजेड वरून झिरपतो. मित्रांनी सेटवर पांढरे कापड ताणले आणि दिवे खालून त्यावर मारले. ‘कागज के फूल’मधला (१९५९) तो प्रसिद्ध प्रकाशझोतही व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी बाहेरचे ऊन आत वळवून मिळवला.

सावळा चेहरा काळा का पडतो?

कॅमेऱ्यातला मीटर समोरचे सारे मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. पांढऱ्या भिंतीसमोर सावळी व्यक्ती उभी केली, की तो भिंतीकडे पाहून प्रकाश कमी करतो आणि चेहरा बुडतो. मग लघुपटाच्या नायिकेचे डोळेच दिसत नाहीत. मेकअपने चेहरा गोरा करणे हा आपल्याकडचा जुना, सोयीचा आणि वाईट उपाय. त्याऐवजी तिला भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे आणावे, दिवा जवळ घ्यावा आणि मोजमाप फक्त चेहऱ्याचे करावे. सावळ्या त्वचेवर मोठ्या, मऊ उजेडाची चकाकी फार छान उमटते. तोच थर्माकोल गालाच्या बाजूने, किंचित मागून धरला, तर गालाचे हाड आणि जबड्याची रेघ न रंगवता उठून दिसते.