तोड कधी येणार, आणि ती सांगायची कशी



गव्हाणीत मोळी पडली की शेतकी गट कचेरीत दोन गोष्टी वाढतात : गर्दी आणि आवाज. लागणीची तारीख, जात, क्षेत्र सगळे नोंदवहीत असते, तरी भांडण व्हायचे ते होतेच. वरवर ते उसावरून दिसते. आमच्या मते निम्मे भांडण बोलण्यावरून असते. म्हणून या अंकात बेणे-खत बाजूला ठेवून बोलण्याच्या एका शास्त्राची माहिती देत आहोत. त्याचे नाव 'ट्रान्झॅक्शनल अॅनालिसिस', म्हणजे बोलण्याच्या देवघेवीची तपासणी. माती परीक्षणच म्हणा, फक्त नमुना बोलण्याचा.

हे शास्त्र मांडले डॉ. एरिक बर्न यांनी. जन्म १९१० चा, कॅनडातील माँट्रियलचा. पुढे अमेरिकेत, कॅलिफोर्नियात ते मानसोपचारतज्ज्ञ होते. १९६४ साली त्यांचे 'गेम्स पीपल प्ले' हे पुस्तक आले आणि खूप खपले. १९७० मध्ये ते वारले. त्यांचे म्हणणे असे, की प्रत्येक माणसात तिघे बसलेले असतात. आईबापांकडून उचललेले रागावणे आणि मायाही, तो 'पालक'. समोरची वस्तुस्थिती पाहून बोलणारा तो 'प्रौढ'. लहानपणीचा रुसवा, भीती, आनंद जपणारा तो 'बालक'. तिघेही लागतात. कोण केव्हा बोलतो, एवढाच प्रश्न.

सभासद विचारतो, "साहेब, आडसाली लागण जुलैची आहे. तोड कधी येईल?" हा प्रौढाने प्रौढाला विचारलेला प्रश्न. उत्तर यायला हवे, "तुमच्या आधी सहा नंबर आहेत, आठ-दहा दिवस लागतील." पण येते काय? "सगळ्यांनाच घाई! यादीप्रमाणे येईल, सांगितलं ना एकदा!" झाले, पालक बोलला आणि समोरच्याला पोर ठरवून मोकळा झाला. मग सभासद तरी कशाला मागे राहतो? "तुझा पगार आमच्या उसातनं निघतो, ध्यानात ठेव." दोन पालक समोरासमोर, आणि तारीख राहिली बाजूलाच. याला बर्न छेद गेलेली देवघेव म्हणतात. सहकारात हा छेद लवकर जातो. सभासद वार्षिक सभेत मालक आणि हंगामात ऊस घालणारा. आम्ही नोकर, पण यादी आमच्या हातात. दोघांनाही पालक व्हायला जागा आहे.

बर्न यांनी सांगितलेला एक डाव तर आम्हा शेतकी खात्याच्या लोकांसाठीच लिहिलाय असे वाटते. आम्ही म्हणतो, "तात्या, ठिबक करा." "व्हय, पण लाईट रातची असती." "मग बेणे तरी बदला." "व्हय, पण वाहतूक कोण देणार?" असे तासभर चालते, तात्या जिंकतात आणि शिवार तसेच राहते. यावर उपाय सल्ले वाढवण्याचा नाही. "अडचण खरी आहे. तुम्ही काय करायचं ठरवलंय?" असे विचारून गप्प बसायचे. गप्प बसणे आम्हाला जड जाते, हेही खरे.

या विषयाचे रीतसर शिक्षण असते. प्राथमिक वर्ग किमान १२ तासांचा; तो 'वन-झिरो-वन' या नावाने जगभर ओळखला जातो. पुढे प्रमाणपत्रासाठी काही वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम करायचे, लेखी प्रबंध द्यायचा, आणि तोंडी परीक्षेत स्वतःच्या कामाच्या ध्वनिमुद्रित फिती परीक्षकांना ऐकवायच्या. शाखा चार : मानसोपचार, समुपदेशन, शिक्षण आणि संस्था. कारखान्याशी संबंध येतो तो शेवटच्या शाखेचा. दोन दिवसांचा वर्ग करून आलेल्याने दुसऱ्याला "तुझ्यातला बालक बोलतोय" म्हणून हिणवू नये. ती शिवीच होते.

या शिक्षणात काम सुरू होण्याआधी करार करतात. फॅनिटा इंग्लिश या बाईंनी १९७५ साली तीन कोपऱ्यांच्या कराराचा विचार मांडला. प्रशिक्षण देणारा, ते ठेवणारी संस्था आणि शिकणारी माणसे असे तीन कोपरे. दोघांत काय ठरले ते तिसऱ्याला कळले नाही, की तो मनाने काहीतरी रचतो आणि तेच खरे धरून चालतो. आमच्या मते सबंध विषयात हेच सर्वांत उपयोगी. आपल्याकडे कारखाना, तोडणी-वाहतूक ठेकेदार आणि सभासद असे तीन कोपरे आहेतच. करार पहिल्या दोघांत. ऊस तिसऱ्याचा. मुकादमाने खुशाली मागितली की सभासदाला वाटते, कारखान्याला ठाऊक असणार. कारखान्याला वाटते, सभासद आपखुशीने देतो. टोळीला वाटते, ही रीतच आहे. तिघेही अंदाजावर चालतात आणि दोष मात्र फडात उभ्या असलेल्या चिटबॉयच्या माथी येतो.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे बिल १४ दिवसांत द्यावयाचे असते. वजन, बिल, तोडीचा क्रम यांत खरी चूक असेल तर गोड बोलणे हा त्यावर उपाय नव्हे, आणि तसा वापर कोणी करू लागला तर सभासदांनी जाब विचारावा.

खात्याकडे आम्ही दोन सूचना दिल्या आहेत. गट कचेरीतील कर्मचारी व चिटबॉय यांचा १२ तासांचा वर्ग हंगामापूर्वी व्हावा. आणि ठेकेदाराच्या करारातील सभासदाशी संबंध येणारी कलमे, तोडणीच्या यादीशेजारी, मोठ्या अक्षरांत फलकावर लागावीत.