तयार पोर्टलवर घरपट्टी चालेल का?

पैठण रस्त्यावरचे चितेगाव बाहेरच्यांना ठाऊक झाले ते व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे. अशा कारखानदारीच्या गावात ग्रामपंचायतीने वेबसाइट करायची ठरवली, तर पहिली मागणी साधी असते: ग्रामसभेची सूचना, योजनांची माहिती, कार्यक्रमांचे फोटो. दुसरी मागून येते आणि तीच महागात पडते. नमुना ८ प्रमाणे घरपट्टीची आकारणी, थकबाकी, पावत्या हेही त्याच वेबसाइटवर हवे असते.

पहिल्या कामाला वर्डप्रेस किंवा ड्रुपलसारखी सीएमएस, म्हणजे मजकूर सांभाळणारी तयार प्रणाली, उत्तम. लॉगिन, परवानग्या, शोध सारे आयते मिळते. केंद्र सरकारचे खुल्या माहितीचे पोर्टल २०१२ मध्ये ड्रुपलवरच उभे राहिले. संगणक परिचालकाला कोड न लिहिता सूचना बदलता येते, ही सोय गावात फार मोलाची.

मोहही इथेच होतो. प्लगइन, म्हणजे सीएमएसला जोडायचा तयार भाग, टाकले की घरपट्टीही झाली!

तसे होत नाही. वर्डप्रेसमध्ये लेखाला जोडलेली जादा माहिती एका सामाईक तक्त्यात मजकूर म्हणून साठते. रक्कम असो की तारीख, डेटाबेसच्या लेखी ती अक्षरेच. त्यामुळे आकडा म्हणून मोजायला मुद्दाम सांगितले नाही, तर चढत्या क्रमात १००० आधी येतात आणि ९०० नंतर. ड्रुपलमध्ये उलट तऱ्हा: प्रत्येक रकान्याला वेगळा तक्ता, म्हणजे दहा निकषांवर थकबाकीदार शोधायचे तर तेवढे तक्ते जोडा.

वूकॉमर्सचा अनुभव बोलका आहे. वर्डप्रेसवर दुकान चालवणारे हे प्लगइन २०११ पासून ऑर्डरी लेखांच्याच तक्त्यात ठेवत आले. ऑक्टोबर २०२३ मधल्या ८.२ आवृत्तीपासून नव्या दुकानांच्या ऑर्डरी स्वतंत्र तक्त्यांत जाऊ लागल्या. ड्रुपलने तर २०१५ मध्ये आठव्या आवृत्तीत सिम्फनी या फ्रेमवर्कचे, म्हणजे स्वतःची प्रणाली बांधण्याच्या सांगाड्याचे, भागच स्वीकारले. पण सातव्या आवृत्तीवरच्या वेबसाइटींना आठवीवर जाताना जवळपास नवी बांधणी करावी लागली.

जँगो किंवा लारावेलसारख्या फ्रेमवर्कमध्ये सुरुवातीला मेहनत जास्त, हे खरे. मात्र तक्ते आपल्या हिशेबाप्रमाणे आखता येतात. म्हणून सूचना सीएमएसवर, वसुली फ्रेमवर्कवर आणि दोन्हींमध्ये एक दुवा, हीच मांडणी शहाणपणाची. ग्रामपंचायतींनी कंत्राट देण्याआधी एवढे जरूर विचारावे: घरपट्टीची रक्कम नेमकी कोणत्या तक्त्यात साठणार?