देवराईत पाऊल टाकण्यापूर्वी...

पुणे - पावसाळा सुरू झाला, की पुणेकर गिर्यारोहकांची पावले भीमाशंकरकडे वळतात. १९८५ मध्ये अभयारण्य घोषित झालेले हे जंगल शेकरूचे जसे घर, तसेच महादेव कोळी समाजाचेही. आहुपेसारख्या गावांनी आपल्या देवराया पिढ्यान्‌पिढ्या राखल्या. देवाच्या नावाने सोडलेल्या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, हा तेथील दंडक. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून या परंपरेचे मोल दाखवून दिले.

देवराईबाहेरचे रानही बेवारस नाही. हिरडा गोळा करून विकणे, हे येथील अनेक कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचे साधन आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील त्यांचा हक्क मान्य केला आहे. पर्यटकाने सहज मोडलेली फांदी कोणाच्या तरी मिळकतीची असू शकते.

म्हणूनच वाटाड्या गावातलाच घ्यावा, त्याचा मोबदला आधी ठरवावा आणि जेवणही गावातच सांगावे. देवराईत शिरण्यापूर्वी तेथील रीत विचारावी. परवानगीवाचून कोणाचे छायाचित्र घेऊ नये. वन विभागाने बंद केलेली वाट टाळावी आणि कचरा परत आणावा. जंगल राखणाऱ्यांच्या पदरी कचरा आणि शहरातल्यांच्या वाट्याला आनंद, अशी वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही.