जॅकवेलचा मोसम

नदीवरून पाणी आणायची योजना मंजूर झाली की गावाला वाटतं, आता उन्हाळ्यात नळ येणार. कुठल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, हे मात्र कागद कधी हातात पडतात यावर ठरतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अशाच एका योजनेच्या कामावर मी शाखा अभियंत्यांबरोबर बराच काळ फिरलो.

आधी हिशेब. तीस वर्षांनंतरची लोकसंख्या 6,000 धरलेली. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटर, म्हणजे दिवसाला 3 लाख 30 हजार लिटर आणि वर्षाला जेमतेम 0.12 दशलक्ष घनमीटर, गळती वेगळी. उसाला जाणाऱ्या पाण्यापुढे हा आकडा किरकोळ आहे. तरीही जलसंपदा विभागाकडून आरक्षण घ्यावं लागतं, आणि ते योग्यच आहे. नदी वाहती दिसते म्हणून तिचं पाणी मोकळं नसतं. धरणातून सुटलेल्या आवर्तनावर कुणाचा ना कुणाचा हक्क असतोच.

बाकीची फाईल ओळखीची: ग्रामसभेचा ठराव, टाकीच्या जागेचं बक्षीसपत्र, सात-बारावरची नोंद, रस्ता खोदायची परवानगी आणि तिची अनामत, वीजजोडणीचं कोटेशन. वाटेत वनजमीन आली की भलेभले हातपाय गाळतात. खरं तर 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये सोय आहे. एक हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीला वनजमीन मिळू शकते. पुष्कळ सरपंचांना ही वाट कुणी सांगितलेलीच नसते.

पण खरी कसोटी जॅकवेलची, म्हणजे नदीतून पाणी उचलणाऱ्या विहिरीची. इकडच्या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांत बरगे घालतात, पाणी तुंबतं आणि विहिरीची जागा फुगवट्याखाली जाते. खोदायचं तर पातळी उतरवायला हवी, आणि काठावर तर ओळीनं मोटारी बसलेल्या. "सायेब, ऊस वाळला तर नळाचं पाणी घिऊन काय करायचं?" असं एका शेतकऱ्यानं विचारलं तेव्हा अभियंत्यांनी वाद घातला नाही. वही काढून त्यांनी आवर्तनाच्या तारखा विचारल्या आणि दोन आवर्तनांच्या मधले दिवस मागून घेतले. काही बरगे काढायचे, काम झालं की पुन्हा घालायचे. या तडजोडीला कुठला छापील नमुना नाही, पण माझ्या मते सगळ्या परवानग्यांत हीच सर्वांत मोलाची.

मग नदीत मुरूम-मातीचा बांध घातला. आत वाळूची पोती रचली, पंप रात्रंदिवस चालू. तळाला काळा पाषाण लागला आणि त्याच्या फटींतून झरे सुटले. एकदा पहाटे पंप बंद पडला. उजाडेपर्यंत लोखंडी सळ्यांची जाळी पाण्याखाली गेलेली. मिस्त्रीनं गाळ हातानं चाचपून काढला, सळई न् सळई पुसून घेतली आणि मगच काँक्रीट ओतू दिलं. गाळावर ओतलेलं काँक्रीट खडकाला धरत नाही, असं तो म्हणाला.

पंपघराची उंची ठरवताना गावातले म्हातारे कामी आले. 2019 आणि 2021 चं पाणी कुठवर चढलं होतं, ते त्यांनी देवळाच्या भिंतीवर दाखवलं आणि तिथून लेव्हल घेतली गेली. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2019 मध्ये ती 55 फुटांवर गेली, कोल्हापूर शहराचीच उपसा केंद्रं बुडाली आणि चहूकडे पूर असताना लोक टँकरसाठी रांगेत उभे राहिले. जमिनीलगतचं पंपघर स्वस्त पडतं खरं, पण ऐन पुरात तेच आधी बुडतं.

मोठ्या योजनांची वाटही सोपी नसते. काळम्मावाडी धरणापासून पुईखडीपर्यंतची कोल्हापूरची थेट पाईपलाईन सुमारे 53 किलोमीटरची. तिच्या कामाची सुरुवात 2014 ची, आणि पाणी पोहोचलं नोव्हेंबर 2023 मध्ये. इचलकरंजीची योजना वारणाकाठी दानोळीत अडली, पुढे दूधगंगेवर सुळकूडलाही. मावळात पवना बंद जलवाहिनीच्या विरोधातल्या आंदोलनात 9 ऑगस्ट 2011 रोजी पोलीस गोळीबारात तीन शेतकरी गेले. काठावरच्या माणसाला शेवटी विचारायचं ही रीत बदलायलाच हवी. आरक्षणाचा अर्ज लिहिण्याआधी त्याच्या बांधावर जाऊन बसायला हवं.

दुसरी मागणी साधी आहे. नदीतल्या कामाच्या सगळ्या परवानग्या दिवाळीपर्यंत हातात पडाव्यात. मार्चमध्ये आलेला कागद कायद्यानं वेळेत असेलही, पण जूनमध्ये पाणी चढतं आणि त्या गावाचं वर्ष जातं.

या गावाचं थोडक्यात निभावलं. मे सरता सरता जॅकवेलचं बांधकाम पाण्याच्या वर आलं. रस्त्याकडेची चर खोदाई सुरू आहे, वीजजोडणी मात्र अजून व्हायची आहे.