तास कुणाचे मोजले जातात?

गेल्या वर्षी पावसाळ्यात एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्या कार्यालयात आली. ती एका खाजगी विद्यापीठात डिझाइन शिकते. उन्हाळी सुट्टीत चार आठवडे फ्लॉरेन्सला राहून तिने इटालियन भाषेचा वर्ग केला होता. जाण्याआधी तिच्या प्राध्यापकांनी सांगितले होते, ‘करून ये, परकीय भाषेच्या विषयाचे क्रेडिट त्यात धरू.’ परत आल्यावर विद्यापीठाने तिचे प्रमाणपत्र पाहिले आणि क्रेडिट नाकारले. सगळा खर्च वडिलांच्या ग्रॅच्युइटीतून झालेला. ‘वकीलसाहेब, नोटीस पाठवा,’ ते म्हणाले. मी फाईल दोनदा वाचली. ज्याच्या आधारावर नोटीस पाठवावी असा एकही कागद तिच्यात नव्हता.

मग मुलगी भाषा शिकली नव्हती काय? शिकली होती. माझ्यासमोर चार वाक्ये बोललीही. पण प्रमाणपत्र एका खाजगी भाषाशाळेचे होते आणि त्यावर एवढेच लिहिलेले होते की, विद्यार्थिनी ८० तास हजर होती. हजेरीला इटलीतसुद्धा क्रेडिट नाही. तिथल्या १९९९ च्या ५०९ क्रमांकाच्या आणि त्याच्या जागी आलेल्या २००४ च्या २७० क्रमांकाच्या शासकीय आदेशानुसार एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे २५ तासांचे काम. त्यात वर्गही आला आणि घरी बसून केलेला अभ्यासही आला. पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या एका वर्षाचे ६० क्रेडिट, म्हणजे १५०० तास. आणि हे क्रेडिट पदरात पडते ते परीक्षा किंवा तत्सम मूल्यमापन उत्तीर्ण झाल्यावरच.

परदेशी लोकांना इटालियन शिकवणे हे विद्यापीठाचेच काम आहे, ही कल्पना त्या देशात जुनी आहे. पेरुजा शहरात १९२१ साली अस्तोर्रे लुपातेल्ली नावाच्या एका वकिलाने असे अभ्यासवर्ग सुरू केले. (आमच्या धंद्यातील माणसाने कोर्टाबाहेर केलेले एक चांगले काम म्हणून मला त्याचे अप्रूप वाटते.) १९२५ मध्ये त्यांना विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पेरुजा आणि सिएना या दोन्ही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांसाठीची सरकारी विद्यापीठे आहेत. पेरुजाची ‘चेली’ आणि सिएनाची ‘चिल्स’ या परीक्षांना मान्यता आहे. परंतु याही परीक्षा तुमची भाषेची पातळी सांगतात. त्या पातळीचे किती क्रेडिट करायचे, की मुळीच करायचे नाही, हे तुमचे स्वतःचे विद्यापीठ ठरवते. आपली मुले नेमकी इथे फसतात. तिकडच्या शिक्क्यावर भरवसा ठेवून ती जातात. इकडच्या सहीची चौकशी कोणी करत नाही.

युरोपातला विद्यार्थी अशी चूक क्वचितच करतो, कारण त्याला ती करूच दिली जात नाही. १९८७ साली सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेत विद्यार्थी निघण्याआधी एक करारपत्र होते. कोणते विषय घेणार आणि त्यांचे किती क्रेडिट धरणार, हे लिहून त्यावर विद्यार्थी, पाठवणारे विद्यापीठ आणि स्वीकारणारे विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या होतात. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये परदेशी संस्थांशी सहकार्याचे विनियम केले. त्यातील ‘ट्विनिंग’ प्रकारात एकूण क्रेडिटपैकी ३० टक्क्यांपर्यंत परदेशात मिळवता येतात, मात्र दोन संस्थांमध्ये लेखी करार असेल तरच. प्राध्यापकांच्या तोंडी आश्वासनाला त्यात जागा नाही.

पदवीसाठीच इटलीला जाणाऱ्यांचा प्रश्न याहून कठीण आहे. १९४८ पासून अमलात असलेल्या इटलीच्या संविधानाचे ३४ वे कलम गुणवान पण निर्धन विद्यार्थ्याला सर्वोच्च शिक्षणापर्यंत पोहोचण्याचा हक्क देते. त्यातून कुटुंबाच्या उत्पन्नावर आधारित प्रादेशिक शिष्यवृत्त्या निघाल्या आणि त्या परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळतात. पण २००१ च्या आदेशाने घातलेली अट वाचा. पहिल्या वर्षी १० ऑगस्टपर्यंत किमान २० क्रेडिट मिळवले नाहीत तर शेवटचा हप्ता अडतो. ३० नोव्हेंबरपर्यंतही ते झाले नाहीत तर शिष्यवृत्ती रद्द होऊन घेतलेली रक्कम परत करावी लागते. त्यात तिथल्या कितीतरी परीक्षा तोंडी असतात. ३० पैकी १८ गुणांना उत्तीर्ण. अभ्यासक्रम इटालियनमधून असेल आणि प्राध्यापकासमोर बसल्यावर जीभ अडखळली, तर डोक्यात असलेले ज्ञान काय कामाचे? श्रीमंताच्या मुलाचे एक सत्र वाया जाते. शिष्यवृत्तीवर गेलेल्याच्या डोक्यावर कर्ज बसते.

सहा क्रेडिट म्हणजे १५० तास. या आकड्याला इटलीत दुसराही इतिहास आहे. १९७३ मध्ये तिथल्या धातू उद्योगातील कामगारांनी आपल्या वेतनकरारात तीन वर्षांत १५० तास पगारी शिक्षणरजेचा हक्क मिळवला. शाळा अर्धवट सुटलेले कामगार त्या तासांवर पुन्हा वर्गात बसले; मालकाच्या वेळेतले १५० तास आणि तेवढेच स्वतःचे. पुढे याच परंपरेतून उभ्या राहिलेल्या प्रौढशिक्षण केंद्रांत आज स्थलांतरित मजूर इटालियन शिकतात. दीर्घ मुदतीच्या रहिवासी परवान्यासाठी त्यांना भाषेची ‘ए-२’ पातळी सिद्ध करावी लागते. त्यांच्या तासांचे क्रेडिट होत नाही, पण त्यांच्या राहण्याचा हक्क त्यावर अवलंबून असतो. त्या कामगारांचे तास मोजले गेले, कारण ते आधी करारात लिहून घेतले होते.

त्या मुलीसाठी मी नोटीस काढली नाही. एक साधा अर्ज लिहून दिला: परदेशी प्रमाणपत्र मान्य नसेल तर विद्यापीठाने स्वतःच तिची इटालियनची परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्ण झाल्यास क्रेडिट द्यावे. बाहेरचा परीक्षक लागला तर त्याचे मानधन भरण्याची वडिलांची तयारी आहे. अर्जावर आवक क्रमांक पडला आहे. उत्तर अजून आलेले नाही.